दहा मिनिटं फवारा, वीस मिनिटं धुणं

एअरब्रश विकत घ्यायला निघालेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात: कंपनी कोणती, नोझल किती मिलिमीटरचं, कॉम्प्रेसर केवढ्याला आणि रंग कुठला. प्रश्न रास्त आहेत, पण ते विचारताना त्याच्या डोळ्यांसमोर जे दृश्य असतं तेच मुळात अर्धवट असतं. त्या दृश्यात तो स्वतः हातात चकचकीत गन घेऊन ऐटीत बसलेला असतो आणि प्लास्टिकच्या छोट्या विमानावर रंग अलगद उतरत असतो. उरलेल्या वेळात हाच माणूस बेसिनपाशी वाकून, सुई उपसून, कापसाच्या काडीने रंगाचा कप पुसत असतो. ते मात्र जाहिरातीत कोणी दाखवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वेळेचा हिशेब मांडला तर एअरब्रश हा आधी धुण्याचा उद्योग आहे आणि मग रंगवण्याचा. म्हणून नवशिक्याने ‘याने किती बारीक रेघ निघते’ हे विचारण्याआधी ‘हा किती लवकर धुऊन होतो’ हे विचारावं. बाकीची उत्तरं त्यातून बरीचशी निघतात.

नोझलपासून सुरुवात करू, कारण मोह तिथेच जास्त. बाजारात 0.2, 0.3 आणि 0.5 मिलिमीटरची नोझलं सर्रास मिळतात, आणि नवशिक्याचा हात नेमका 0.2 कडे जातो. बारीक म्हणजे भारी, असा त्यामागचा हिशेब. पण 0.2 मिलिमीटर म्हणजे माणसाचे दोन-तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर होईल एवढी रुंदी. त्यातून रंग जायचा तर तो नीट पातळ केलेला आणि गाळलेला हवा, हवेचा दाब बेताचा हवा आणि बोटावर ताबा हवा. नवशिक्याकडे यातलं काहीच नसतं. असतो तो फक्त उत्साह, आणि तो नोझलमधून जात नाही. 0.3 चं नोझल बारीक रेघही काढतं आणि थोडा चुकलेला रंगही पोटात घालतं. रंगाच्या कपाचंही तसंच. कप वर असलेल्या गनमध्ये रंग आपल्या वजनाने खाली उतरतो, त्यामुळे चार थेंबांतही काम होतं आणि चार थेंबांपुरतंच धुवावं लागतं. खाली बाटली लटकणाऱ्या गनमध्ये रंग नळीतून वर ओढला जातो. मोठं क्षेत्र रंगवायला ती सोयीची, पण मग नळी धुवा, बाटली धुवा, बाटलीचं झाकण धुवा.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील, आणि तो खोडून काढता येणार नाही. धुण्याची सोय हाच निकष असेल तर मग साधी सिंगल ॲक्शन गन का नको? तिच्यातल्या काही प्रकारांत, उदाहरणार्थ पाश कंपनीच्या ‘एच’ गनमध्ये, रंग आणि हवा गनच्या पोटात भेटतच नाहीत, बाहेर टोकाशी भेटतात, धुणं जवळपास नाहीच. मान्य. ज्याला फक्त एकसारखा रंग मारायचा आहे त्याने खुशाल तीच घ्यावी. पण तिचा फवारा जरा रवाळ पडतो, आणि रंग किती सुटावा हे आधी स्क्रूने ठरवून ठेवावं लागतं. डबल ॲक्शनमध्ये बोट खाली दाबलं की हवा आणि मागे ओढलं की रंग. छटा हळूहळू गडद करायची असेल तर एवढी मोकळीक लागतेच. त्या मोकळीकीची किंमत साबणपाण्यात मोजावी लागते, इतकंच. जाता जाता सांगायचं तर, 1876 साली रंग फवारण्याच्या अशा एका उपकरणाचं पेटंट घेणारे अमेरिकेतले फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली पुढे भावाबरोबर वाफेवरच्या मोटारगाड्या बनवायला लागले. कारण इतिहासाला ठाऊक असेल. मला संशय आहे तो सुई धुण्याचा.

आता कॉम्प्रेसर. इथे लोक पैसे वाचवतात आणि ते गनवर उधळतात. व्हायला हवं नेमकं उलट. टाकी नसलेल्या स्वस्त कॉम्प्रेसरची हवा धडधडत येते आणि फवाराही तसाच थरथरतो. तीन लिटरची का होईना, टाकी असली की हवा सलग येते आणि मोटरलाही उसंत मिळते. त्याबरोबर दाब कमीजास्त करायची सोय हवी, कारण मॉडेलच्या कामाला साधारण 15 ते 25 पीएसआय पुरतो. दाब उगाच वाढवला की रंग सुईच्या टोकावरच वाळतो आणि पुन्हा बेसिन. तिसरी गोष्ट पाणी अडवणारा फिल्टर. हवा दाबली की तिच्यातली वाफ थंड होताना पाणी होते. जुलैतल्या कोकणात तर कॉम्प्रेसर हवेपेक्षा पाऊसच साठवतो. ते पाणी नळीतून गनमध्ये आलं की गुळगुळीत रंगावर थेंब पडतात आणि बिचाऱ्या गनला शिव्या बसतात. विदर्भातल्या मे महिन्यात तक्रार उलटी: रंग बाहेर पडायच्या आतच सुकतो, आणि मग रंग उशिरा वाळवणारं रिटार्डर घालावं लागतं.

रंगाबद्दल जगभर एकच सल्ला दिला जातो: दुधाइतका पातळ करा. सल्ला देणाऱ्याने आपल्याकडचं दूध पाहिलेलं नसावं. फुल क्रीमचं 6 टक्क्यांचं, की टोन्ड 3 टक्क्यांचं, की गवळ्याच्या घरचं, ज्यात टक्क्यांचा प्रश्नच येत नाही? त्यापेक्षा कपाच्या भिंतीवर थेंब ओघळू द्यावा. मागे पातळ पापुद्रा ठेवत सावकाश उतरला तर जमलं. पण थिनर पाण्यात मिसळणारा की उग्र वासाचा, हा खरा वाद आहे. पाण्यावरचे ॲक्रिलिक घरात बरे, पण एकदा वाळले की पाण्याला दाद देत नाहीत. लॅकर मात्र वाळला तरी आपल्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, म्हणजे माझ्या निकषावर तोच जिंकायला हवा. इथे मी माझाच निकष बाजूला ठेवतो. लॅकरची वाफ पेट घेते, डोकं धरते आणि वन बीएचकेमध्ये तिला जायला जागा नसते. बाहेर हवा फेकणारा पंखा आणि वाफेसाठीच्या काडतुसांचा मास्क नसेल तर ॲक्रिलिकच घ्यावा. तोही मास्क लावूनच मारावा, कारण बारीक तुषार फुप्फुसात गेले की तिथून ते धुता येत नाहीत. ‘घरात मुलांचे ॲक्रिलिक पडलेत, तेच वापरू’ हा विचार काटकसरीचा वाटतो, पण त्या रंगाचे कण जाड असतात आणि नुसतं पाणी ओतत राहिलं तर रंग धरून ठेवणारा चिकटपणाही जातो. पहिल्या बाटल्या एअरब्रशसाठी म्हणून तयार केलेल्याच घ्याव्यात. आणि तीच गन उद्या केकवर चालवण्याचा घरातून आग्रह झाला तर कॉम्प्रेसर द्यावा, गन देऊ नये.

‘महाग गन घेतली तर हे सगळे त्रास टळतील,’ असं कोणी म्हणेल. त्याने पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोकावावं. भर पावसाळ्यात काम, साध्या गन, मोठा कॉम्प्रेसर, आणि अंगाचा रंग असा मऊ की विचारू नका. युक्ती गनमध्ये नाही, क्रमात आहे: एक रंग भरला की रांगेने सगळ्या मूर्तींवर तोच मारत जायचं, म्हणजे धुणं रंगामागे एकदा. डोळ्यांची आखणी तर साध्या ब्रशनेच होते. नवशिक्या मात्र एका विमानावर एका बैठकीत पाच रंग मारतो, पाचदा गन उघडतो, आणि पाचव्यांदा नोझल बेसिनच्या जाळीतून खाली जातं. नामांकित गनच्या नोझलच्या किमतीत एक अख्खी चिनी गन येते, हे त्याला तेव्हा कळतं. तेव्हा जिचं नोझल आणि रबरी वायसर सुटे मिळतात अशी मधल्या किमतीची गन घ्यावी. खोक्यात नोझल उघडायचा छोटा पाना आहे ना, हेही बघून घ्यावं. तो नोझलच्याही आधी हरवतो.