मा. एक्सएक्सएक्स साहेबांस, विंचूरहून

प्रति,
मा. श्री. एक्सएक्सएक्स साहेब
(स्विफ्ट कोडाची शेवटची तीन अक्षरे)
मुक्काम मुख्य कार्यालय, मुंबई

आपली-आमची ओळख नाही, म्हणून आधी पत्ता देतो. विंचूर, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार इथे आहे. एमआयडीसीचे वाइन पार्कही इथलेच. सरदार विंचूरकरांमुळे गावाचे नाव पेशव्यांच्या दरबारीही ठाऊक होते. आपल्या दरबारी मात्र अजून वर्णी लागायची आहे.

माझा पुतण्या रॉटरडॅमला नोकरीला असतो. आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे पाठवायला त्याने कोड मागितला. पासबुकावर छापलेला आयएफएससी कळवला. अक्षरे-आकडे मिळून अकरा, आपल्या स्विफ्ट कोडाचीही अकराच! तरी तिकडच्या बँकेने तो झिडकारला. मग त्यांनी आयबॅन मागितला. तो भारतात नसतोच, हे त्यांना पटेपर्यंत आठवडा गेला. शाखेत चौकशी केली, तर उत्तर मिळाले, "फॉरेनचं इथं नसतं काका, नाशिकला विचारा." नाशिकने मुंबईकडे बोट दाखवले.

तेव्हा कुठे आपला महिमा कळला. स्विफ्ट कोडातली पहिली चार अक्षरे बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची आणि शेवटची तीन शाखेची. शाखेला स्वतःची तीन अक्षरे नसली, की तिथे आपण ठाण मांडता. १९७३ साली ब्रुसेल्समध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी ही स्विफ्ट व्यवस्था उभारली. जगभर निरोप पोचवायचे, पैशाला हात लावायचा नाही, असा तिचा खाक्या. वाटेतल्या बँकांनी मात्र हात लावला, आणि शुल्क म्हणून आपापला वाटा काढून घेतला.

शेवटी आपल्या कोडावरून पैसे आले. का आले, असे विचारणारा फॉर्मही आला. आजीचा गुडघा लिहून चालेना. पी१३०१ हा उद्देश-कोड लिहिला, म्हणजे परदेशस्थाने कुटुंबाच्या खर्चासाठी व बचतीसाठी पाठवलेली रक्कम. मग गुडघा मंजूर झाला.

या दक्षतेचे कौतुकच आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या फोर्टमधील ब्रॅडी हाउस शाखेतून हमीपत्रांचे स्विफ्ट निरोप बँकेच्या मुख्य प्रणालीत नोंद न होता वर्षानुवर्षे गेले. २०१८ च्या फेब्रुवारीत घोटाळ्याचा ११ हजार कोटी रुपयांहून मोठा आकडा बाहेर आला. तोवर त्या निरोपांना कुणी गुडघ्याइतकेही विचारले नव्हते. मुंबईच्या फोर्टात राहण्याचे फायदे असतात, हे आम्ही जाणतो.

आता आमच्या मालाचे ऐका. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी केंद्र सरकारच्या अपेडा या निर्यात प्राधिकरणाने २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू केले. प्रत्येक बागेची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला क्रमांक. रॉटरडॅमच्या गोदामात फवारणीच्या औषधाचा अंश जास्त निघाला, तर पॅलेटवरच्या क्रमांकावरून निफाड तालुक्यातला प्लॉट शोधून काढतात. म्हणजे दोष द्यायचा असला की आमचे घर सापडते. पैसे द्यायचे असले, की रस्ता मुंबईतच संपतो.

तेव्हा विनंती एवढीच, की आमच्या शाखेला तीन अक्षरे द्यावीत. कोणतीही चालतील, आपल्याकडची जुनी वापरलेलीसुद्धा.

उत्तर येईपर्यंत पुतण्याला सांगून ठेवले आहे: पुढच्या वेळी बँकेच्या कोडाच्या नादी लागू नकोस, बागेचा नोंदणी क्रमांक टाक. तक्रार म्हणून पाठवलेस, तर पैसे थेट बांधावर येतील.

कळावे, लोभ नसला तरी निदान नोंद असावी.

आपला,
विंचूरचा एक खातेदार