व्हाया उज्जैन

कैलासाला जाण्यात खरी अडचण चढाची नाही, थंडीची नाही आणि विरळ हवेचीही नाही. खरी अडचण ही, की तिथे जायला वाटा एकाहून जास्त आहेत आणि आमच्या घरात माणसंही एकाहून जास्त आहेत. शेगावचं कसं सरळ असतं. नागपूरला गाडीत बसायचं, शेगावला उतरायचं. वाद झालाच तर डबा अकोल्याच्या आधी उघडायचा की नंतर, एवढाच. पंढरीच्या वाटेवरचे मुक्कामसुद्धा मागच्या पिढ्यांनी ठरवून दिलेत. कैलास मात्र ६,६३८ मीटर उंचीवर, तिबेटच्या पश्चिम कोपऱ्यात असा जाऊन बसलाय, की त्याच्याकडे पोचायचा प्रत्येक मार्ग दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणातून जातो. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली ह्या चार नद्या त्याच मुलखातून चार अंगांना निघतात. म्हणजे उतरायच्या वाटा निसर्गानेच आखल्यात. चढायच्या वाटा परराष्ट्र मंत्रालय आखतं.

जायचं आहे आत्याला. ती निवृत्त संस्कृत शिक्षिका असल्यामुळे तिने जायचं म्हटल्यावर "काहून?" असं विचारायची घरात कुणाची टाप नाही. विचारता येतं ते फक्त "कुठून?" आणि तेवढ्या एका प्रश्नावर आमच्या घराचे पाच पक्ष झाले.

बाबा लिपुलेख पक्षाचे. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले आणि सरकारी असेल तेच खरं, अशी त्यांची श्रद्धा आहे. १९५४ च्या भारत-चीन करारात यात्रेकरूंसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी सहा खिंडी नावानिशी लिहिल्या होत्या : शिपकी ला, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख. पुढे १९६२ आलं आणि यात्रा थांबली. १९८१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण एकट्या लिपुलेखावरून. सहापैकी एकच उघडी, ह्यात बाबांना काहीच वावगं वाटत नाही. त्यांनी उभी हयात सरकारी कार्यालयात काढली आहे.

लिपुलेखाच्या बाजूने बाबांचा युक्तिवाद भक्कम आहे. तिथून कैलास सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. पूर्वी धारचुल्यापासून मालपा, बुधी, गुंजी करत दिवसेंदिवस पायी चढावं लागायचं. आता खिंडीजवळपर्यंत रस्ता झालाय. मालपाचं नाव निघालं की आई स्वयंपाकघरातून बाहेर येते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये ते गाव एका रात्रीत दरडीखाली गेलं. यात्रेकरू आणि स्थानिक मिळून दोनशेच्या वर माणसं गेली, त्यांत नर्तिका प्रोतिमा बेदीही होत्या. आई एवढंच सांगते आणि परत आत जाते. त्यानंतर थोडा वेळ कुणी कुठल्याच रस्त्याची बाजू घेत नाही.

हा रस्ता २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा नेपाळने हरकत घेतली आणि लिपुलेख आपल्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशाही काढला. म्हणजे तिसऱ्या देशात पाय न ठेवता जाता येणारी जी वाट, तिच्यावरही तिसऱ्या देशाचा दावा. बाबा म्हणाले, "मोजणी मागवायला पाहिजे." जमिनीच्या कुठल्याही वादावर त्यांचं हेच उत्तर असतं.

मोजणी म्हटली की त्यांना नैनसिंग रावत आठवतो. कैलासाच्या अलीकडच्या जोहार खोऱ्यातला हा माणूस १८६५ मध्ये सर्वेक्षण खात्याचा गुप्त मोजणीदार म्हणून यात्रेकरूच्या वेषात तिबेटात शिरला. पावलं मोजत ल्हासापर्यंत गेला आणि येताना मानसरोवरावरून आला. हातात जपमाळ, पण मणी १०८ नाहीत, १००. हिशेब सोपा जावा म्हणून. टिपणं प्रार्थनाचक्रात लपवलेली. बाबांच्या डोळ्यांत पाणी येतं ते इथे. आत्याने मात्र तिची जपमाळ काढून मणी मोजले आणि १०८ भरल्यावर निर्धास्त होऊन पुन्हा डबीत ठेवली.

सरकारी यात्रेला अर्ज लागतो, कॉम्प्युटरची सोडत लागते आणि वयाची अट लागते : १८ ते ७०. आत्या कागदावर एकोणसत्तर वर्षांची आहे. कागदावर अशासाठी, की तिचा वाढदिवस १ जूनला असतो. तिच्या वर्गातल्या बहुतेक सगळ्यांचा १ जूनलाच असतो. त्या काळी मास्तर शाळेत नाव घालताना जन्मतारीखही स्वतःच घालून टाकत. खरं वय बहात्तर असावं, अशी घरात कुजबुज आहे, पण आत्या म्हणते, "मास्तरांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही."

दुसरी अट बीएमआयची. २५ च्या वर गेलात तर दिल्लीच्या वैद्यकीय तपासणीतूनच घरी. मामाला सोबत म्हणून जायचं होतं. तो वजनकाट्यावर उभा राहिला, खाली पाहिलं, पोटापलीकडचं काही दिसेना, म्हणून पुतण्याने आकडा वाचून दाखवला. मामा त्या क्षणी खाजगीकरणाचा कट्टर समर्थक झाला आणि नेपाळ पक्षाची स्थापना झाली.

पण त्याआधी काकूचा नाथू ला पक्ष. ही वाट २०१५ मध्ये उघडली आणि हिच्यावरून कैलासाच्या पायथ्यापर्यंत बसून जाता येतं. बसून जाणं हा काकूच्या अध्यात्माचा पाया आहे. अडचण इतकीच, की कैलास पश्चिमेला आणि नाथू ला पूर्वेला सिक्कीममध्ये. आधी गंगटोकला जायचं, खिंड ओलांडायची आणि मग तिबेटातून हजार किलोमीटरच्या वर उलटं पश्चिमेला यायचं. नागपूरहून रामटेकला व्हाया कोल्हापूर. वर खर्चही जास्त : २०२५ साली लिपुलेखाचा अंदाज पावणेदोन लाखांच्या घरात होता, नाथू लाचा पावणेतीन लाखांच्या वर. "जास्त पैसे, जास्त बसणं," काकू म्हणाली. तिला ते न्याय्य वाटलं. शिवाय २०१७ मध्ये डोकलामला दोन्हीकडचे सैनिक समोरासमोर आले तेव्हा ही वाट बंद झाली होती, आणि २०२० पासून तर दोन्ही वाटा पाच वर्षं बंद राहिल्या. २०२५ मध्ये यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा जागा किती? लिपुलेखावरून २५०, नाथू लावरून ५००. सगळ्या देशात मिळून साडेसातशे. आमच्याकडे मुंजीला ह्याहून जास्त पानं उठतात.

मामाचा नेपाळ पक्ष दुफळीचा. एक गट काठमांडू-रसुवागढी-केरुंग-सागा असा मोटारीने जाणारा. ह्यात पशुपतिनाथ घडतो आणि खरेदीही. पण २०२५ च्या जुलैमध्ये भोटेकोशीला पूर आला आणि रसुवागढीचा सरहद्दीवरचा मैत्री पूल वाहून गेला, तेव्हापासून मामाचा आवाज जरा खाली आला. दुसरा गट नेपाळगंजहून विमानाने सिमिकोट, तिथून हेलिकॉप्टरने हिल्सा, मग कर्णालीवरचा पूल चालत ओलांडला की तिबेट. हिल्साला मामाचं वजन पुन्हा आडवं आलं. हेलिकॉप्टरवाले माणूस आणि सामान दोन्ही काट्यावर ठेवतात, हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं.

खाजगी यात्रेत चीनचा व्हिसा गटाने मिळतो. सगळ्यांची नावं एका कागदावर. आत जायचं ते एकत्र, बाहेर यायचं तेही एकत्र. हे वाचल्यावर घरात जी शांतता पसरली ती मालपाच्या शांततेहून वेगळी होती. आमचं घर एका लग्नाला एका गाडीत कधी गेलेलं नाही. गेलंच तर एका गाडीत परत आलेलं नाही.

त्यात घड्याळाचा घोळ. अख्ख्या चीनमध्ये एकच वेळ चालते, बीजिंगची. हिल्साचा पूल ओलांडला की घड्याळ एका पावलात सव्वादोन तास पुढे. उन्हाळ्यात तिथे रात्री नऊलाही उजेड असतो. आत्याने विचारलं, "मग एकादशी सोडायची कुठल्या घड्याळाने?" मामाने तीन सहल कंपन्यांना फोन केले. एकाने ऑक्सिजनची हमी दिली, दुसऱ्याने शुद्ध शाकाहाराची, तिसऱ्याने दोन्हींची. एकादशीचं कुणालाच सांगता आलं नाही.

पुतण्या सगळ्यांत व्यवहारी. त्याच्या मते सरहद्द ओलांडायचीच कशाला? गुंजीच्या वर जुन्या लिपुलेखाजवळ एका जागेवरून कैलास भारतातूनच दिसतो, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून लोकांना तिथून दर्शन घडवतातही. ना व्हिसा, ना सोडत. आत्याने त्याच्याकडे फक्त पाहिलं. वर्गात "बाई, हा भाग परीक्षेला आहे का?" असं विचारणाऱ्या मुलाकडे ती अशीच पाहत असणार.

काकूने मधल्या काळात हिशेब शोधून काढला. तिबेटी पंचांगात २०२६ हे घोड्याचं वर्ष, आणि घोड्याच्या वर्षात केलेली एक कैलास परिक्रमा तेरा परिक्रमांच्या बरोबरीची मानतात. बावन्न किलोमीटर चालायचं आणि पुण्य तेरापट. पुढचं घोड्याचं वर्ष २०३८. एकावर बारा फुकट म्हटल्यावर घरातले तटस्थही यात्रेकडे झुकले. बोन धर्माचे लोक हीच परिक्रमा उलट्या दिशेने करतात, हेही तेव्हाच कळलं, आणि सीताबर्डीला रोज समोरून अंगावर येणाऱ्या स्कूटरवाल्यांकडे बघायची माझी दृष्टी जरा सहिष्णू झाली.

परिक्रमेच्या वाटेवर डोल्मा खिंड आहे, ५,६०० मीटरच्या वर. हवेचा दाब तिथे समुद्रकाठाच्या निम्म्यावर येतो. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर, आणि आमचा गिर्यारोहणाचा अनुभव सेमिनरी हिल्सचा. तोही मामा स्कूटरने घेतो.

इतकं झाल्यावर आत्याने वही उघडली. तिचा स्वतःचा मार्ग तयार होता आणि तो कालिदासाकडून घेतला होता. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर बसून ढगाला कैलासाच्या कुशीतल्या अलकेचा रस्ता सांगतो. तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे वा. वि. मिराशींनी साधार मांडलंय. काही पंडित छत्तीसगडातला रामगढ म्हणतात. आमच्या घरात ते बोलायचं नसतं. तर कैलासाचा पहिला तपशीलवार कार्यक्रम आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर तयार झाला : आम्रकूट, नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, चंबळ, दशपूर म्हणजे मंदसौर, कुरुक्षेत्र, कनखल, मग हिमालय.

"बघ," आत्या म्हणाली, "आधी रस्ता ऐक, निरोप मग, असं सांगतो तो. ह्याला म्हणतात नियोजन. थकलास की डोंगरमाथ्यावर टेक, क्षीण झालास की ओढ्याचं हलकं पाणी पी. तुमचे डॉक्टर हल्ली दुसरं काय सांगतात?"

डॉक्टरांनी खरोखर तेच सांगितलं होतं : सावकाश चढा, मध्ये मुक्काम करा, पाणी भरपूर प्या. फक्त तपासणीचे पैसे घेतले होते.

"पण ताई, विदिशाहून उत्तरेला जायचं सोडून उज्जैनला कशाला?" बाबांतला मोजणीदार जागा झाला. "ते तर पश्चिमेला पडतं."

"वाकडं पडतं हे कालिदासालाही ठाऊक होतं. तरी जा म्हणतो. महाकाळ आहे ना तिथे."

मामाने मान डोलावली. उज्जैनला पोहे-जिलबी चांगली मिळते, एवढंच त्याला पुरेसं होतं. ढगाला ना बीएमआय, ना गटव्हिसा. कैलासाकडे जाणारा तो एकटाच प्रवासी, ज्याचं वजन वाटेत कमी झालं तर फायदाच.

शेवटी अर्ज सरकारीच भरायचा ठरलं, आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. नियमावली वाचताना एका कागदापाशी मी अडलो. यात्रेत चीनच्या हद्दीत मृत्यू आला तर तिथेच अंत्यसंस्कार करायला हरकत नाही, अशी संमती लिहून द्यावी लागते. बाबा म्हणाले, हे पान ताईला दाखवू नको. आईही हेच म्हणाली. आम्ही कुजबुजत असतानाच आत्याने माझ्या हातातून कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि संपूर्ण वाचला. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं.

"ह्यात लपवण्यासारखं काय आहे? तिथे गेले तर परतीचं तिकीट वाचेल. अर्धे पैसे घरी पाठवतात का, ते बघ."

पुतण्याने मोबाइलवर नियम शोधला. जागा पक्की करायला भरलेली रक्कम कुठल्याही कारणाने परत मिळत नाही.

"कुठल्याही?"

"हव, कुठल्याही."

आत्याने सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "मग परत येते."