न सुटणारी शाळा

हिवरखेडात नव्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. कापूस किती झाला, आणि पोट्टे कोणत्या शाळेत आहेत. पहिल्याचं उत्तर कमी करून सांगायचं असतं, दुसऱ्याचं फुगवून. आमचा कापूस खरोखरच कमी होतो, त्यामुळे तिथं खोटं बोलावं लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मी "घरीच शिकवते" असं सांगते. मग समोरचा माणूस घटकाभर थांबतो, आवाज खाली आणतो आणि आपुलकीनं विचारतो, "फीचा प्रॉब्लेम हाय का?"

गावात शाळांची वाण असती तर एक वेळ निभावलं असतं. पण तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे भलंमोठं गाव. इथं शाळा आहेत, मास्तर आहेत, दहा वाजता रस्त्यानं दप्तरांची रांग जाते. आमचे दोघे तेवढे ओट्यावर बसून त्या रांगेला हात दाखवतात. थोरला सात वर्षांचा, धाकटी पाच. रांगेतली पोरं त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघतात तिच्यात हेवा किती आणि कीव किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

हे सगळं सुरू झालं २०२० च्या मार्चमध्ये. शाळा बंद झाल्या आणि आम्ही पुण्याहून महिनाभरासाठी म्हणून गावी आलो. तो महिना अजून चालू आहे. तेव्हा सगळा महाराष्ट्रच घरी शिकवत होता. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, घरोघरी आया पुस्तकं घेऊन बसायच्या आणि मास्तर लोकांबद्दल समाजात अचानक आदर वाढला होता. पुढं २०२२ मध्ये शाळा पुन्हा नीट भरू लागल्या, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका बाईनं देवापुढं पेढे ठेवले. त्यातलाच एक पेढा खाता खाता मी जाहीर केलं, "आपण असंच चालू ठेवू."

दोष पुस्तकांचा आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्यांना शाळा या प्रकाराची काळजी वाटू लागली आणि वकिली सोडून ते बालमंदिरात शिरले. १९३२ सालच्या त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर मुलांना मारत नाही, गोष्टी सांगतो, खेळ घेतो आणि पोरं चक्क शिकतात. भावनगरात त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक तर आमच्या जवळच्याच. लग्नानंतर काही वर्षं त्यांचा संसार अमरावतीत होता. पुढं कोसबाडला ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्यायची! हे वाचून मी भारावून गेले आणि रात्री जेवताना नवऱ्याला ऐकवलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "पण गिजुभाईंच्या वर्गातली पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जात असतील ना?" तेव्हा मला हा प्रश्न अगदीच कुत्सित वाटला.

आमची घरची शाळा १५ जूनला उघडली. पुण्यात त्याच सुमाराला उघडतात. वेळापत्रक भिंतीवर, रंगीत खडू डब्यात, दोन्ही विद्यार्थी सतरंजीवर. थोरला उभा राहिला आणि गल्लीत नव्यानं शिकलेल्या वऱ्हाडीत म्हणाला, "अख्ख्या विदर्भाले सुट्टी हाय, आपल्यालेच कावून नाई?" मुद्दा बिनतोड होता. उन्हापायी विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. बाहेर डोकं फुटेल असं तापलं होतं आणि कूलरमधलं पाणीसुद्धा गरम झालं होतं. मी म्हटलं, घरच्या शाळेला ऊन लागत नाही. त्यावर आतून सासूबाई म्हणाल्या, "मास्तरनीले लागलं वाट्टे."

सासूबाई आमच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासूनच्या तपासनीस. पहिल्या आठवड्यातला त्यांचा शेरा असा होता, "तू शिकवून राह्यली का भांडून राह्यली वं?" त्यांचं तरी काय चुकलं? 'ळ' गिरवण्यावरून धाकटीची आणि माझी जी बोलाचाली होई, ती चार घरं पलीकडं ऐकू जाई. ऐकणारे मग साखर मागायच्या निमित्तानं येऊन बसत आणि जाताना एखादा अक्षरगिरवणीचा उपाय सांगून जात. त्या महिन्यात आमच्या घरातून गेलेली साखर मी शैक्षणिक खर्चात धरली आहे.

मग पुस्तकं मिटून 'अनुभवातून शिक्षण' सुरू केलं. आमच्या भागात, म्हणजे अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जीकडे, पानपिंपळीचे मळे आहेत. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून आयुर्वेदातलं त्रिकटू होतं, त्यातली ही पिंपळी. शेजारच्या अंगणात ती वाळत पडली होती. मूठभर मागून आणली, दहा-दहाचे ढीग केले. एका ढिगात एक कमी भरली. मी संधी साधून विचारलं, "दहातून एक गेली, उरल्या किती?" धाकटीनं डोळ्यांत पाणी आणून उत्तर दिलं, "पाणी!" गेलेली एक तिच्या तोंडात होती. वजाबाकी ती त्या दिवशी शिकली नाही, पण त्रिकटूमधला एक कटू जन्मभर विसरणार नाही.

थोरल्याचं गणित दिवाळीनंतर वावरात नेलं. कापूस वेचायला आलेल्या बायांचं वजन संध्याकाळी काट्यावर होतं आणि किलोवर मजुरी मिळते. एकीचा भरला सदतीस किलो, भाव आठ रुपये. थोरला वही उघडून सदतीस गुणिले आठ मांडायला बसला. साता आठे छप्पन्न, हातचे पाच; ते पाच कुठं ठेवायचे याचा तो विचार करत होता, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "दोनशे शहाण्णव." कसं काय? "चाळीस किलोचे तीनशे वीस. तीन किलो मी वेचलाच नाई, त्याचे चोवीस गेले." थोरल्यानं माझ्याकडं बघितलं. ही रीत मी त्याला का सांगितली नव्हती, असं त्या बघण्यात होतं. ती बाई पाटी-पेन्सिलीच्या नादी कधी लागलेली नव्हती. तिचा हिशेब चुकला असता तर पैसे तिचेच गेले असते. आमचा चुकला तर फक्त खोडरबर झिजतो. दुसऱ्या दिवशी थोरल्यानं मला सांगितलं, की त्याला गणिताला त्या काकू हव्या आहेत. काकूंनी नकार दिला. मजुरी परवडणार नाही म्हणाल्या.

शाळेला सहल हवी म्हणून वारीला, हनुमान सागर धरणावर जायचं ठरवलं. दोन विद्यार्थी, एक बाई, डब्यात पोळी-भाजी. निघेपर्यंत सासूबाई तयार होत्या, त्यांच्याबरोबर त्यांच्या भजनातल्या तिघी, आणि मग ट्रॅक्टरची ट्रॉली काढावीच लागली. धरणाच्या काठी मी वान नदीचा उगम, मेळघाटचे डोंगर वगैरे सांगायला सुरुवात केली. पोरं दगड मारत होती. तेवढ्यात सासूबाई बोलू लागल्या. त्यांचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहिरीचं पाणी इतकं खारं, की त्यात दाळ शिजत नसे. गोड पाण्याचा एक घागरभर साठा म्हणजे घरातला ऐवज. त्याच भागातल्या खेड्यांना पुढं याच धरणाचं पाणी नळानं गेलं. पोरांच्या हातातले दगड खाली आले. "मंग दाळ शिजली का?" धाकटीनं विचारलं. भूगोलाचा तास असा झाला. तो मी माझ्या नोंदवहीत लिहून ठेवला, शिक्षिकेच्या नावापुढं नाइलाजानं सासूबाईंचं नाव घालून.

ही सहल व्हायच्या आधी, जुलैतच शाळाबाह्य मुलं शोधणाऱ्या मॅडम दारात आल्या होत्या. सरकारनं तेव्हा 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' हाती घेतलं होतं. मॅडमनी वही काढताच सासूबाईंनी बोट पुढं केलं. मॅडम हसल्या. "आजी, शाई लावायचं ते २०१५ ला होतं." खरंच, ४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी अशी मुलं मोजली होती, आणि मोजलेल्या पोरांच्या बोटाला मतदारांसारखी शाई लावली होती. सासूबाईंना तेवढीच आठवण राहिली होती. मॅडमच्या कागदावर आमच्यासाठी रकाना सापडेना. पोरं कामाला जात नाहीत, आईबाप ऊसतोडीला गेलेले नाहीत, घरात पुस्तकांचं कपाट आहे, आणि तरी शाळेत नाव नाही. मी पुढं होऊन सांगितलं, की मुक्त विद्यालयाची सोय आहे. राष्ट्रीय संस्थेच्या परीक्षा तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या असतात. त्या म्हणाल्या, "ते खरं ताई, पण कायदा?"

म्हणून मी रात्री बसून शिक्षण हक्क कायदा वाचला. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. वाचता वाचता माझी छाती फुगत चालली. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागं एक शिक्षक हवा. आमच्याकडं दोघांमागं एक. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत. आमच्या समितीत शंभर टक्के पालक, आणि एका सदस्याला तर बैठकीला उठवून आणावं लागतं. मी मोठ्यानं वाचत होते, थोरला पांघरुणातून ऐकत होता. मग परिशिष्टातली ती ओळ आली. पहिली ते पाचवी, वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि ८०० तास शिकवणं. पांघरूण हललं. "म्हणजे दिवसाला चारच तास? आन् बाकीचे १६५ दिवस?"

नवऱ्याचा तो भाकरी मोडतानाचा प्रश्न मला तेव्हा कळला. शाळेत शिकवणं ही फार मोठी गोष्ट आहे असं आपण समजतो. शिकवतात ते सगळेच. वावरातली काकू शिकवते, आजी शिकवते, पिंपळीसुद्धा शिकवते. शाळा नावाच्या गोष्टीतली खरी अक्कल आहे ती सुटण्यात. पाच वाजता घंटा होते, पोरं एकदम ओरडतात, आणि मास्तर मास्तर राहत नाही, पोरगं विद्यार्थी राहत नाही. आमच्याकडं हे घडतच नाही. जी बाई 'ळ' गिरवून घेते तीच भात वाढते, आणि वाढताना विचारते की शितं किती. पोरांना बाईंची तक्रार आईकडं करता येत नाही. बाईंना पोरांची तक्रार आईबापांकडं करता येत नाही. गावच्या शाळेत खिचडी मिळते म्हणून धाकटी हटून बसली, तेव्हा मी घरी खिचडी केली. ती म्हणाली, "शाळेतली मोठ्या गंजात असते. आन् वाढणारी काकू काही इचारत नाई."

मग घंटा आणायचं ठरलं. देवघरातली वाजवली तर सासूबाई म्हणाल्या, "देव उठून बसंल ना वं, मंग त्यालेबी पाढे इचारजो." त्यामुळं ताट वाजवू लागलो. पाचला ताट वाजतं, पोरं ओरडत बाहेर पळतात आणि मी आतल्या आत ओरडते. पण सवय वाईट. पळणाऱ्या पोरांना माझ्या तोंडून निघतंच, "किती पायऱ्या उतरलात?"

परवा थोरल्यानं एक कागद आणून दिला. आजवर निबंध लिही म्हटलं की त्याच्या पोटात दुखत आलेलं. हा त्यानं आपणहून लिहिला होता.

"मा. मुख्याध्यापिका बाई यांस. विषय : सुट्टी मिळनेबाबत. महोदया, कायद्यात २०० दिवस आहेत. आमचे कधीचेच झाले. बाईंचा आवाज पन बसला आहे. तरी उद्या सुट्टी मिळावी ही विनंती. या दिवशी आईनेही शिकवू नये. आपला आज्ञाधारक."

किती नेमकं लिहिलं होतं! कौतुकानं माझा हात आपोआप लाल पेनाकडं गेला. 'मिळनेबाबत'मधल्या 'न'भोवती मी गोल काढत होते, तेवढ्यात तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला,

"आई, तपासू नको. मंजूर कर."