शंभरी भरलेल्यांसाठीच

वारशाबद्दल शहरी कुटुंबांत झालेली जागृती अभिनंदनीय आहे. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला तांब्याचा बंब आता दिवाणखान्यात, राखाडी इटालियन सोफ्याशेजारी विराजमान असतो. धुराड्यात मनी प्लांट, तोटीला गोंडा. बुडाशी साठलेली काजळी घासू नये, अशी सजावटकाराची सक्त ताकीद असते. काजळीचे पैसे वेगळे मोजलेले आहेत. जात्यावर काच टाकली की टीपॉय होतो. (पीठ ॲपवरून येते.) समोर पगडीवाल्या गृहस्थांची तसबीर. हे कोण, ते दुकानदारालाही ठाऊक नाही, पण मुद्रा पडद्यांना शोभते. पूर्वज निवडून घेण्याची ही सोय आपल्या पूर्वजांना नव्हती.

1972च्या कायद्यानुसार वस्तू पुरावशेष ठरायला साधारणपणे किमान 100 वर्षे लागतात. कुशल सुतार हेच काम पॉलिश पेपर आणि चहाच्या पाण्याने आठवड्यात उरकतो.

घरातल्या आजी मात्र अवघ्या 86 वर्षांच्या. शिवाय त्यांची नायलॉनच्या पट्ट्यांची खाट रंगसंगतीत बसत नाही. त्यामुळे पाहुणे असताना त्यांची सोय आतल्या खोलीत केली जाते. आजींनी आणखी 14 वर्षे कळ काढावी, ही नम्र विनंती.