बोटांची टक्केवारी

२०२५ च्या सप्टेंबरात, २५ तारखेला रात्री अडीच वाजता छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत तीन जमाती जाग्या होत्या. तिसऱ्या पाळीतले कामगार, त्यांच्या मागे लागणारी कुत्री आणि वूल्व्हरिन नावाच्या सुपरहिरोचे चाहते. पैकी पहिल्या आणि तिसऱ्या जमातीत बरीच माणसं सामाईक होती. कुत्र्यांचं माहीत नाही, त्यांच्याकडे मोबाइल नव्हते.

त्या रात्री सोनीने अमेरिकेतून 'स्टेट ऑफ प्ले' नावाचा कार्यक्रम दाखवला. तिकडे भरदुपार होती. वाळूजचा माणूस झोपेत असेल किंवा ड्युटीवर असेल, अशीच वेळ बघून जगातल्या मोठ्या घोषणा होतात. 'मार्व्हल्स वूल्व्हरिन' हा प्लेस्टेशन ५ वरचा गेम प्रत्यक्षात कसा चालतो, ते त्यात पहिल्यांदा दिसलं. मुठीतून नख्या बाहेर, समोरच्याच्या खांडोळ्या, रक्ताचा सडा. बजाजनगरपासून रांजणगाव शेणपुंजीपर्यंत पोरं खूश. सकाळी पाळी सुटली तेव्हा डोळे लाल होते, पण ते कामाने की आनंदाने, हे ओळखू येत नव्हतं.

या गेमची पहिली झलक आली होती २०२१ च्या सप्टेंबरात. झलक म्हणजे काय, तर एक बार, तिथे उधळलेलं सामान आणि स्टुलावर पाठमोरा बसलेला एक माणूस. शेवटी नख्या निघतात आणि खेळ खलास. या एका पाठीवर चाहत्यांनी चार वर्षं काढली. पाठीवरून माणसाचं वय काढलं, बारमधल्या पाट्यांवरून गाव काढलं, गावावरून अख्खी गोष्ट रचली. त्या रात्री कंपनीने सांगितलं की गेम २०२६ च्या 'फॉल'मध्ये येणार. फॉल म्हणजे तिकडची पानगळ. इकडे तेव्हा परतीचा पाऊस, दिवाळी आणि बोनसची बोलणी चालू असतात.

पाच वर्षं थांबावं लागणार म्हणून जगभरचे चाहते हवालदिल आहेत. त्यांना जरा छत्रपती संभाजीनगरला पाठवा. शहराच्या १,६८० कोटींच्या पाणीयोजनेचं भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते झालं, म्हणजे वूल्व्हरिनच्या झलकेच्याही नऊ महिने आधी. पुढे सरकारं बदलली, आकडा २,७४० कोटींवर गेला, तारखा जाहीर झाल्या, उच्च न्यायालयाने कान उपटले, मग आणखी तारखा जाहीर झाल्या. जायकवाडी धरण उशाशी आणि कोरड घशाशी, अशा जिल्ह्याला कॅलिफोर्नियातली कंपनी वाट बघायला काय शिकवणार?

तर आमच्या शेजारी पत्र्याच्या खोलीत एक पोरगा राहतो. जिंतूरकडचा. ठेकेदाराकडे कामाला आहे. हातात पंधरा-सोळा हजार पडतात, त्यात खोलीभाडं, डबा आणि गावाकडे पाठवायचे पैसे. प्लेस्टेशन ५ भारतात ५४,९९० रुपयांना विकला गेला आहे आणि वूल्व्हरिन बनवणाऱ्या कंपनीचाच 'स्पायडर-मॅन २' आला तेव्हा नुसत्या गेमची किंमत ४,९९९ होती. मी हिशेब मांडून दाखवला: चार महिने न जेवता, न राहता, न पाठवता काम केलंस तर घेता येईल.

तो हसला. "काका, घ्यायचाय कुणाला? बघायचाय."

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा गेम पोरं खेळणार नाहीत, दुसरा कुणीतरी खेळताना यूट्यूबवर बघणार आहेत. तडा गेलेल्या स्क्रीनवर, चहाच्या सुट्टीत, दहा मिनिटांच्या हप्त्याने. पराक्रम वूल्व्हरिनचा, बोटं यूट्यूबवाल्याची, डेटा आपला. अशा तिसऱ्या हाताने आलेल्या पराक्रमासाठीही पोरगं रात्री अडीचला जागं राहतं. सोनीने याला फुकटात मिळालेला प्रचारक मानावं आणि निदान वडापावचे पैसे तरी पाठवावेत.

माहिती म्हणाल तर तोंडपाठ. इन्सोम्नियाक ही गेम बनवणारी कंपनी सोनीने २०१९ साली विकत घेतली, वूल्व्हरिनला आवाज लियाम मॅकिन्टायरचा आहे, हे पात्र १९७४ साली हल्कच्या कॉमिकमधून आलं, सगळं सांगतो. स्वतःच्या मालकाचं नाव विचारलं तर मात्र अडखळतो. पगाराच्या पावतीवर एक नाव असतं, गेटपासवर दुसरं आणि प्रत्यक्ष शिव्या देणारा तिसराच.

२०२३ च्या डिसेंबरात हॅकरांनी इन्सोम्नियाकच्या सर्व्हरवर दरोडा घातला. ५० बिटकॉइन मागितले. ते मिळाले नाहीत म्हणून तेरा लाखांहून जास्त फायली जगासमोर ओतल्या. त्यात या अर्धवट गेमचे तुकडे होते आणि कंपनीतल्या माणसांची खासगी कागदपत्रंही होती. चाहत्यांनी तेव्हा शपथ घेतली: फुटलेलं काही बघायचं नाही, शेवट कळून घ्यायचा नाही, गेम आल्यावरच आनंद लुटायचा. ही शपथ महाराष्ट्रातल्या २०१२ पासूनच्या गुटखाबंदीइतकी कडकपणे पाळली गेली. आमचा पोरगा मात्र खरंच पाळतो. शेवटाचा विषय निघाला की कानात बोटं घालतो.

सगळी दहा. अजून.

हे 'अजून' मी उगाच लिहिलेलं नाही. मी त्याला विचारलं होतं, "एवढे सुपरहिरो पडलेत, स्पायडर-मॅन आहे, बॅटमॅन आहे, मग हाच काहून?" मला वाटलं नख्यांचं कौतुक ऐकायला मिळेल. तो म्हणाला, "काका, त्याची जखम भरती. कापलं, ठेचलं, गोळी घातली, दोन मिनटात जसंच्या तसं. प्रेसवाल्याला दुसरं काय पाहिजे?"

वाळूजबाहेरच्या वाचकांसाठी: प्रेस म्हणजे पत्रकार परिषद नव्हे. पॉवर प्रेस. पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. वरून स्लाइड येते, पत्र्याला आकार देते आणि वर जाते. बटणं दोन अशासाठी की दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये हात उरत नाही. ही हुशार माणसाने केलेली सोय. त्याहून हुशार माणसाने तिच्यावर शोधलेला उपाय असा, की जुन्या प्रेसवर एका बटणात पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवायचं. एक हात मोकळा झाला, तो पुढचा जॉब भरतो, तासाला पीस वाढतात, टार्गेट होतं. समोर प्रकाशाचा पडदा असलेला सेन्सर असेल, तर हात आत गेला की तो प्रेस थांबवतो. म्हणजे उत्पादन थांबवतो. म्हणून कुठे कुठे सेन्सरलाच विश्रांती देतात.

कामगाराच्या मुठीतून नख्या निघत नाहीत. डायमधून मूठ निघाली तरी पुरे.

ही काही एकट्या वाळूजची कहाणी नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत हात आणि बोटं गमावलेल्या कामगारांचा अहवाल २०१९ पासून काढते. सुरुवात हरियाणातून झाली, पुढे महाराष्ट्रही त्यात आला. अहवालाचं नाव 'क्रश्ड', आणि त्यातला मुख्य खलनायक तोच, पॉवर प्रेस. या अहवालाच्या झलकेसाठी रात्री अडीचला कुणी जागलेलं ऐकिवात नाही.

गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात 'हेल्थ बार' असतो. मार बसला की तो इतके टक्के उतरतो. पोरांना वाटतं ही अमेरिकेची अक्कल. अरे, आपल्याकडे हेल्थ बार कायद्यातच आहे! १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेला तक्ता बघा, तोच पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही उतरला आहे. कोणता अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के घटली, ते त्यात छापलेलं आहे. अंगठा गेला, ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली, १४. मधलं बोट, १२. अनामिका किंवा करंगळी, प्रत्येकी ७. बोटाचं नुसतं टोक गेलं आणि हाड शाबूत राहिलं, तर तर्जनीचे ५, मधल्याचे ४ आणि करंगळीचे फक्त २. लग्नात अंगठी घालायची ती अनामिका, मत दिल्यावर शाई लागते ती तर्जनी. सरकारदरबारी शाईच्या बोटाचा भाव अंगठीच्या बोटाच्या बरोब्बर दुप्पट आहे, हे लक्षात असू द्या. निवडणुका येतच असतात.

एवढं ठरवून दिल्यावर बाकी काय राहतं? कागद जमवायचे, वैद्यकीय मंडळापुढे जायचं, डॉक्टर बोट बघतात, म्हणजे जिथे बोट होतं ती जागा बघतात आणि टक्के लिहितात. वूल्व्हरिनचा बार आपोआप भरत जातो. इथला एकदा उतरला की उतरला. तरीही लाइन थांबत नाही. सकाळी ठेकेदार त्याच प्रेसपुढे दुसरा पोरगा उभा करतो, जालन्याचा, हिंगोलीचा नाहीतर बुलढाण्याचा. गेमवाले याला 'रिस्पॉन' म्हणतात. नायक मेला की लगेच नवा, ताजा, फुल्ल बारचा नायक त्याच जागेवर हजर. फरक एवढाच की तिकडे तोच माणूस परत येतो.

सुपरहिरो व्हायची हौस आपल्याकडच्या कामगाराने पूर्वी केलेलीच नाही, असं मात्र नाही. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे मालेगावला गेलात तर तिथे सुपरमॅन होऊन गेला. शेख नासिर यांच्या सिनेमातला हा सुपरमॅन शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडी. फैजा अहमद खान यांनी २००८ साली त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि तो जगभर फिरला. दोन वेळची भ्रांत, पण उडायची तयारी. पडद्यावर तो गुटख्याशी लढला. पडद्याबाहेर कर्करोगाने गेला. जखम भरून येण्याची शक्ती कॉमिकवाल्यांनी मालेगावला दिली नव्हती, आणि वाळूजचा नंबर तर अजून यादीतही नाही.

आता चाहत्यांचा दुसरा नमुना. आमच्या पोराचा सुपरवायझर. वय तिशीच्या आत, घरी प्लेस्टेशन, हप्त्यावर घेतलेला. हाही वूल्व्हरिनभक्त. याचं म्हणणं असं की गेम सेकंदाला ६० फ्रेमने पळाला पाहिजे. बटण दाबल्यापासून नखी बाहेर येईपर्यंत डोळ्याचं पातं लवायइतकाही उशीर झाला तर तो खेळाडूवर अन्याय आहे, त्यात जीव जातो. पडद्यावरचा. यावर तो तासभर बोलू शकतो, आणि बोलतो तेव्हा त्याच्या मागे जी प्रेस चालू असते, तिचा सेन्सर बंद असतो. कारण? सेन्सरमुळे दर स्ट्रोकला डोळ्याचं पातं लवायइतका उशीर होतो.

चाहत्यांची ताकद कमी लेखू नका. २०१५ च्या जूनमध्ये 'बॅटमॅन: अर्खम नाइट' कॉम्प्युटरवर आला. बॅटमॅनची गाडी पळताना चित्र अडखळायचं. लोकांनी अशी बोंब ठोकली की वॉर्नर ब्रदर्सने एक-दोन दिवसांत त्या आवृत्तीची विक्रीच थांबवली आणि दुरुस्त करून काही महिन्यांनी परत आणली. वटवाघळाचा वेश केलेल्या माणसाची गाडी गचके खाते म्हणून एवढी मोठी कंपनी माल मागे घेते! ग्राहकाने तक्रार केली की तिला 'फीडबॅक' म्हणतात आणि कंपनी आभार मानते. कामगाराने प्रेस गचके खाते म्हणून सांगितलं की त्याला 'माजला' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी गेटपास चालत नाही. पोरगं एकच, तक्रार एकच. बटणाच्या कुठल्या बाजूला उभं राहून केली, एवढाच प्रश्न.

असो. दोघे चाहते सध्या एका गोष्टीवर एकमताने खूश आहेत: गेम येतो आहे. कुठल्या तारखेला, यावर पैजही लागली होती. त्या दिवसाची सुट्टीही दोघांनी आत्ताच बोलून ठेवली. सुपरवायझरची होईल मंजूर. पोराला त्याने समजावलं, सण तोंडावर असणार, माल निघाला पाहिजे, त्या दिवशी तुला दोन प्रेस बघाव्या लागतील. "तू कशाला टेन्शन घेतो? मी रात्रभर खेळून सकाळी तुला सगळी स्टोरी सांगतो ना."

पोराने सुट्टीबद्दल तक्रार केली नाही. दोन प्रेसबद्दल केली नाही. सेन्सरचा तर विषयही निघाला नाही. त्याने फक्त हात जोडले, अजून दहाच्या दहा बोटांचे, आणि म्हणाला, "साहेब, काहीही करा, शेवट तेवढा सांगू नका."