दोन हजार वॉटचा मेहुणा

नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्राच्या, खोक्यावर ठळक आकडा असायचा: २००० वॉट पीएमपीओ. हा पीएमपीओ नेमका कसा मोजायचा, याचा सगळ्यांनी पाळावा असा नियम कुठेच नव्हता. लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार सांगतात त्या हिशेबाने, म्हणजे बोनस, ओव्हरटाइम आणि वडिलांची पेन्शन धरून, तो सांगितला जाई. खरी मिळकत यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत असे: वीज लागते ४० वॉट. भिंतीतून चाळीस घ्यायचे आणि समोरून दोन हजार काढायचे! कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. म्हणजे असे दहा लाख टू-इन-वन एका ओळीत मांडले असते तर कोयनेला कायमची रजा देता आली असती, वर गाणी फुकट.

आमचा मेहुणा या आकड्यांवर वाढला. पुण्यातली तपकीर गल्ली हे त्याचं विद्यापीठ. बारावीच्या क्लासच्या नावाखाली तिथे चकरा मारून तो ४४४० आयसीचं किट जोडायला शिकला. ही आयसी मुळात गाडीतल्या टेपसाठीची; दोन्ही बाजूंना सहा-सहा वॉट इमानदारीत देते. पठ्ठ्याने ती प्लायवुडच्या डब्यात बसवली, पुढे गाण्याबरोबर नाचणारे दिवे लावले आणि वर रेडियमने '५००' कापून चिकटवलं.

"पाचशे काय?" मी विचारलं.

"दाजी, पाचशेच. काय ते विचारू नका."

स्पीकर त्याने माठावर पालथा घातला. तो काळच माठांचा होता. गॅरेजात, सलूनमध्ये, कुठेही गेलात तरी कोपऱ्यात एक माठ बसलेला आणि त्याच्या तोंडात गाडीचा स्पीकर. लोक हसत, पण माझ्या मते त्या सगळ्या जुळणीत शहाणी वस्तू एकच, ती म्हणजे माठ. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागून तेवढीच ओढतो. पन्नास हर्ट्‌झची लाट जवळजवळ सात मीटर लांब. तिला त्या इवल्याशा पडद्याला वळसा घालून मागच्या हवेत मिसळायला काहीच अडचण नाही. पुढचं अधिक, मागचं उणे, हाती शून्य. म्हणून पाठ बंद करायला पेटी लागते. माठ ते काम चोख करतो, शिवाय त्याला सपाट बाजू नसल्याने तो प्लायवुडसारखा थरथरत नाही. तोटा इतकाच की तो माठ सासूबाईंचा होता आणि महिना एप्रिलचा.

पुढे मेहुणा नोकरीला लागला. त्याने खरा ॲम्प्लिफायर घेतला, खऱ्या आरएमएस वॉटचा, म्हणजे आवाज न फाटता सतत देता येतात त्या वॉटचा. आधी पन्नास, मग शंभर. शंभराचा आला त्या दिवशी पेढे वाटले. पन्नासाचे शंभर झाले की आवाज तीन डेसिबलने वाढतो. हा फरक कान देऊन ऐकलं तर कळतो, पेढा खाताना कळत नाही. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. आणि साधा घरगुती स्पीकरसुद्धा एका वॉटमध्ये मीटरभर अंतरावर सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी डेसिबल देतो. सासूबाई आतून "अरे, कमी कर ते!" म्हणतात, तो आवाज एका वॉटच्या आसपासचा. उरलेले नव्व्याण्णव वॉट बहुतेक वेळ बसून असतात.

त्यांना कामाला लावते ती बेसची कळ. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली बेल प्रयोगशाळेतून दाखवून दिलं की आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खर्ज सगळ्यात आधी ऐकू येईनासा होतो. रात्री गाणं हळू लावलं की गायक राहतो, डग्ग्याचा घुमारा जातो, तो यामुळे. मग मेहुणा कळ पिळतो. खर्ज दहा डेसिबलने उचलला की ॲम्प्लिफायरकडे तिथे दहापट ताकद मागितली जाते. शिवाय एक सप्तक खाली उतरलं की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. लहान ॲम्प्लिफायर इथे दम सोडतो, लाटेचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो. त्या फाटक्या आवाजात वरच्या पट्टीचा कचरा इतका असतो की जळतो तो बिचारा ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर. हव्यास खर्जाचा, मरण ट्वीटरचं. असे किती ट्वीटर गेले, ते मेहुण्याच्या बायकोला विचारू नये.

आता त्याने सबवूफर आणला आहे आणि भांडण खोलीशी सुरू झालं आहे. त्याचा हॉल बारा फूट लांब. एवढ्या लांबीच्या खोलीत सत्तेचाळीस हर्ट्‌झच्या आसपासचा सूर भिंतींशी जोरात उभा राहतो आणि मधोमध नाहीसा होतो. सोफ्यावर मागे टेकलं की खर्ज अंगावर येतो. चहाचा कप ठेवायला टीपॉयपर्यंत वाकलं की गायब. पाहुणे त्याच्याकडे चहा पिताना पुढेमागे झुलत असतात. सगळ्यात सलग खर्ज मिळतो तो खालच्या मजल्यावरच्या काकांना. तिथे गाणं पोचत नाही, नुसतं ढुम ढुम पोचतं, आणि मग काका वर पोचतात.

यावर जाणकारांचा एक उपाय आहे. सबवूफर ऐकणाऱ्याच्या जागी सोफ्यावर ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगत फिरायचं. जिथे खर्ज नेटका ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. परवा आम्ही गेलो तेव्हा सबवूफर सोफ्यावर लोडाला टेकून बसला होता आणि बँकेत शाखाधिकारी असलेला मेहुणा भिंतीकडेने गुडघ्यांवर चालला होता.

"काय हरवलंय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"बेस."

तो सापडला धान्याच्या कोठीमागे. मेहुण्याने कान लावून खात्री केली, मला रांगायला लावून दुसरं मत घेतलं, आणि मग कोठी वाजवून पाहिली.

"आई, पत्रा जाड आहे. कोठी रिकामी केली तर सबवूफर सरळ आतच बसेल."

"कर की," सासूबाई म्हणाल्या. "आणि ज्वारी त्या तुझ्या शंभर वॉटमध्ये ओत. नाहीतरी रिकामेच असतात ना?"

ते रिकामे असतात हे त्यांना कुणी सांगितलं, असं मेहुणा अजून मला विचारतो आहे.