दिल्ली की कोलकाता? नवशिक्या कुटुंबासाठी मार्गदर्शिका

साहित्य: दिवाळीची सुट्टी, आजी-आजोबांसकट एक कुटुंब, रेल्वेचं ॲप, भिंतीवरचं कॅलेंडर आणि दोन्ही शहरं कोळून प्यायलेला एक नातेवाईक. हा शेवटचा घटक शोधावा लागत नाही. बेत ठरतोय असा सुगावा लागला की त्याचा स्वतःहून फोन येतो.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. नवशिके आधी हॉटेलांचे फोटो बघत बसतात, तिथेच फसतात. दिवाळीच्या आसपास दिल्लीत फटाक्यांचा धूर, गाड्यांचा धूर आणि शेजारच्या राज्यांत पेटवलेल्या पेंढ्याचा धूर असे तिघे एकत्र येतात. थंडीमुळे हवा वर सरकत नाही, ती तिथेच मुक्काम ठोकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजपट्टी ५००ला संपते आणि ४००च्या पुढे ‘गंभीर’ असा शेरा मारते. नोव्हेंबरात दिल्ली हा शेरा अधूनमधून मिळवतेच. इंडिया गेटसमोर उभं राहून ‘इंडिया गेट कुठंय?’ असं मुलांनी विचारलं तर त्यांना ओरडू नका.

मग कोलकाता? तिथे दुसरी गोची आहे. ज्या दुर्गापूजेला युनेस्कोने २०२१मध्ये आपल्या यादीत घेतलं, ती नवरात्रात होते. आपल्या शाळांना सुट्टी लागेपर्यंत देवी हुगळीत गेलेली असते आणि मांडवांचे बांबू सोडून झालेले असतात. पदरात पडते ती कालीपूजा. आपण लक्ष्मीपूजन करतो त्याच अमावास्येच्या रात्री तिथे काली बसते. आजीला हे आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी लाह्या-बत्तासे घेऊन निघालेल्या आजीसमोर मुंडमाळा घातलेली देवी आली, तर पुढचे दोन दिवस तुम्हाला ऐकावं लागेल.

मे महिन्याचं फार लिहीत नाही. दिल्लीत भाजून निघाल, कोलकात्यात उकडून. आवड आपली आपली.

आता तिकिटं. मुंबईहून दिल्ली सुमारे १४०० किलोमीटर, हावडा १९७०च्या घरात. म्हणजे राजधानीने दिल्लीला एक रात्र, आणि गीतांजलीने हावड्याला एक रात्र, एक अख्खा दिवस आणि वर चिवड्याचा जास्तीचा डबा. नागपूरकरांची मात्र खरी पंचाईत. त्यांना दोन्हीकडे साधारण सारखेच, ११०० किलोमीटर पडतात, त्यामुळे ‘लांब पडतं हो’ ही सबब वापरता येत नाही. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. साठाव्या दिवशी सकाळी आठला तुम्ही ‘दिल्ली की कोलकाता’ यावर मतदान घेत असाल, तर सव्वाआठला प्रश्न आपोआप सुटलेला असेल. ज्या गाडीची प्रतीक्षायादी कमी, ते शहर सुंदर.

यापुढची पायरी कुठल्याच प्रवासी कंपनीच्या पत्रकात नसते: आपलं कुटुंब मोजणारं आहे की रेंगाळणारं, ते ओळखा. मोजणारं कुटुंब संध्याकाळी हॉटेलवर परतलं की ‘आज किती पॉइंट झाले?’ असं विचारतं. त्यांनी डोळे झाकून दिल्ली धरावी. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लोटस टेंपल, जंतरमंतर, राजघाट. सकाळी सातला बसमध्ये बसलं की रात्रीपर्यंत आकडा फुगतो. एकच पथ्य: सोमवार टाळा. लाल किल्ला सोमवारी बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधामही बंद. मग ‘सोमवारी आग्रा उरकू’ अशी शक्कल निघते, ती चांगली आहे. तीच शुक्रवारी काढू नका, ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. आणि अक्षरधाममध्ये मोबाईल आत नेता येत नाही, म्हणजे फोटो नाही. मोजणाऱ्या कुटुंबात यावरून तो पॉइंट धरायचा की नाही असा वाद होऊ शकतो.

कोलकात्यात हा हिशेब लवकर आटपतो. व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा ब्रिज, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट, इंडियन म्युझियम (सोमवारचं पथ्य इथेही पाळा), संपलं. तिसऱ्या दिवशी बाबा बूट घालून खोलीत बसलेले असतात आणि ‘आता काय?’ असं विचारतात. या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर आहे, कोलकाता त्यांच्यासाठी. हावड्याहून एस्प्लनेडला मेट्रोने जा. २०२४पासून ती हुगळीच्या पोटातून जाते. नदीखालचा प्रवास पाऊण मिनिटाचा. मुलं घड्याळ लावून बसतात, आजोबा ‘वर पाणी आहे का खरंच?’ म्हणून छताकडे बघतात, आणि हा पॉइंट आहे हे कोणाच्या लक्षात येण्याआधी स्टेशन येतं. तिथून ट्राम मिळाली तर बसा. १८७३मध्ये सुरू झालेली ही गाडी बहुतेक मार्गांवरून मोडीत काढायचं २०२४मध्ये जाहीर झालंय, तेव्हा ‘पुढच्या वेळी’ म्हणू नका. कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांच्या टपऱ्या, कॉफी हाउसमधली वर गरगरणाऱ्या पंख्यांखालची गर्दी, गडियाहाटच्या फुटपाथवर तांताच्या साड्या. शेवटच्या ठिकाणी किती वेळ लागेल याचा अंदाज बाबांनी देऊ नये.

एक धोक्याची सूचना. कोलकात्यात नोव्हेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा तासभर आधी. दुपारची झोप काढून ‘चहा घेऊन निघू’ म्हणणाऱ्यांना बाहेर थेट रात्र भेटते.

आता इतिहास. मराठी कुटुंबात एक तरी सदस्य ‘आपण अटकेपार गेलो होतो’ असं म्हणतोच, म्हणून दोन्ही शहरांत आपली पत काय आहे ते माहीत हवं. दिल्लीत ती बरी आहे. महादजी शिंद्यांच्या जोरावर बादशहा शाह आलम १७७२मध्ये दिल्लीत परत आला, आणि १८०३मध्ये इंग्रजांनी हुसकावेपर्यंत तिथे बराच काळ आपला वट होता. फक्त लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये आजोबांना जरा आवरा. तिथल्या छताची चांदी १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनीच उतरवून वितळवली होती. फौजेचा खर्च भागत नव्हता, ही अडचण खरी. पण गाईड ‘लुटेरों ने’ म्हणाला की आजोबा तावातावाने पुढे होतात आणि नाव-गाव सांगून मोकळे होतात.

कोलकात्यात प्रकरण आणखी नाजूक. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२पासून बंगालवर चालून जात होत्या. त्यांच्या बारगिरांना बंगाली माणूस ‘बोर्गी’ म्हणतो, आणि बोर्गी आले असं सांगून मुलांना झोपवणारं अंगाईगीत तिथे आजही घरोघरी माहीत आहे. आपल्याकडे बागुलबुवा असतो, तिथे ती जागा आपल्याला आहे. त्या धास्तीने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे काही आले नाहीत, खंदकही अर्धवट राहिला, आणि पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला गेला. म्हणजे आपल्या पूर्वजांनी कोलकात्याचा बेत रद्द केल्यामुळे त्या शहराला एक चांगला रस्ता मिळाला. टॅक्सीवाल्याने ‘कुठून आलात?’ विचारलं तर मुंबई सांगा. नागपूर सांगितलं तरी तो टॅक्सीतून उतरवणार नाही, पण एवढ्या जुन्या बाकीची आठवण कशाला करून द्यायची?

खाण्याचं थोडक्यात. दिल्लीत शाकाहारी माणूस सुखी आहे: छोले-भटुरे, पराठे, चाट, आणि तिसऱ्या दिवशी वरणभाताची आठवण झालीच तर महाराष्ट्र सदन. कोलकात्यात ‘निरामिष’ हा शब्द पाठ करा आणि ऑर्डर देताना दोनदा म्हणा, कारण मासा तिथे माणसाला इतका जवळचा आहे की तो कशात नसेल याची खात्री नसते. एकदा हे जमलं की लुची आणि आलूर दम, फुचका, मिष्टी दोई. मटण खाणाऱ्यांनी कोलकात्याची बिर्याणी मागवावी. तिच्यात मोठा बटाटा निघाला तर फसवणूक झाली असं समजून मालकाला बोलावू नये. तिथे भांडण होतं ते बटाटा नसला तर.

माझं मत विचाराल तर कोलकाता, पण दिवाळीत नव्हे. ज्यांच्या शाळेला नाताळची सुट्टी मिळते, त्यांनी तेव्हा जावं. पार्क स्ट्रीटवर रोषणाई असते, स्वेटर घालण्यापुरती थंडी असते, आणि बाजारात नोलेन गूळ आलेला असतो: खजुराच्या झाडाचा, थंडीतच निघणारा, धुरकट वासाचा. त्याच दिवसांत उत्तरेत धुकं पडतं आणि दिल्लीच्या गाड्या तासन् तास रखडतात, त्यामुळे घरातल्या दिल्लीवाल्या पक्षाला गप्प करायला वेगळा मुद्दा लागत नाही. दिल्ली फेब्रुवारीत सगळ्यात छान असते, म्हणजे नेमकी परीक्षांच्या तोंडावर. तो बेत मुलांच्या बारावीनंतरसाठी राखून ठेवा.

परतीच्या गाडीत नोलेन गुळाचा रसगुल्ला मडक्यात घेऊ नका, बंद डब्यातलाच घ्या, आणि तो खालच्या बर्थखाली, उभा. वरच्या बर्थवर ठेवलेला डबा टाटानगरच्या आसपास आडवा होतो, आणि खाली झोपलेल्या अनोळखी काकांना गुळाचं पाणी कुठून येतंय ते बंगालीत समजावून सांगावं लागतं.